घोट्याइतकं पाणी

३ नोव्हेंबर

ठकू,

पाकिटावरचा पत्ता कार्यालयातल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच ठेवून दिलं असतंस. सात महिने तू माझा फोन घेत नाहीस, आणि आता मीही करत नाही. पत्राचं एक बरं असतं. समोरच्याला ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण ते आपल्याला दिसत नाही.

परवा तुझ्या आईकडे गेलो होतो. ती शिलाई मशीनपाशी बसली होती, पण मशीन बंद होतं. मला म्हणाली, "भाऊजी, पोरीनं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना फोन करून सांगून टाकलं. मला म्हणते, जिनं बापाला मारलं तिनं संसार कशाला मांडायचा?"

मग तुमचं बाप-लेकीचं शेवटचं बोलणं काय झालं होतं तेही तिने सांगितलं. तू म्हणाली होतीस, "बाबा, तुम्हाला मुलगी नाहीच असं समजा, आणि बसा तुमचे दगड मोजत." त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो जलाशयावर गेला. त्याचे बूट पंपघराच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवलेले सापडले. आत मोजे घडी करून, एका बुटात घड्याळ, दुसऱ्यात फोन. बुटांचं ऐकलं आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या मनात एकच आलं. तूही तेव्हापासून तेच धरून बसली आहेस.

ठकू, तुझ्या बाबाने जीव दिलेला नाही. तो अपघात होता. मला हे पक्कं माहीत आहे.

कसं माहीत आहे ते लिहायलाच बसलो होतो. आज जमत नाही.

मी कसा आहे असं विचारशील (विचारणार नाहीस), तर काही नाही. भूक लागते, झोप लागते, दाढी वाढते. पाठचा भाऊ गेल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं. मला अजून झालेलं नाही.

मोठेकाका


१६ नोव्हेंबर

ठकू,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

या दगडांचा तुला लहानपणापासून तिटकारा, आणि तो रास्त होता. तुझ्या दोन वाढदिवसांना आणि एका बक्षीस समारंभाला आम्ही दोघे कुठल्यातरी काट्याकुट्यात उभे होतो. पण आम्ही नेमकं काय करायचो हे तुला कधी कोणी धड सांगितलं नाही. आज सांगतो. पुढचं कळायला ते लागेल.

तुझे आजोबा मोजणीदार. साखळी टाकून जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणायचे, दोन जिल्ह्यांची हद्द ही रेघ असते, कुठेही पाय टाकला की ओलांडली. पण तीन जिल्हे जिथे मिळतात तिथे एकच जागा असते, पावलाएवढी. तिथे दगड रोवलेला असतो. रस्त्यांचा तिठा असतो तसा हा हद्दींचा, म्हणून आमच्या घरात त्याला तिठाच म्हणायचे. असे एकूण एक्केचाळीस. त्यातल्या एका ठिकाणी तर चार जिल्हे मिळतात. तिथे तुझा बाबा दोन हात दोन पाय चार जिल्ह्यांत टेकवून ओणवा झाला होता आणि त्याची कंबर धरली. चार जिल्ह्यांत मिळून एक डॉक्टर सापडला नाही.

नकाशावर तिठा टिंबाएवढा दिसतो. प्रत्यक्षात शोधायला जावं तर दगड कुणी पायरीला लावलेला, कुणी कुंपणात घेतलेला. एक तर टायर पंक्चरवाल्याच्या टपरीत त्याच्या खाटेखाली निघाला. तो म्हणाला, "साहेब, डोकं एका जिल्ह्यात, पाय दुसऱ्यात, आणि बायकोशी भांडण झालं की कूस बदलून तिसऱ्यात." तुझा बाबा हसून हसून तिथल्याच टायरवर बसला. त्या दिवशी तो मला फार आवडला होता. हे त्याला मी कधी सांगितलं नाही, आपल्याकडे सांगत नाहीत.

आमची एक वही होती. दगडाला हात लागला तर लिहायचं 'लागला'. लांबून दिसला तर 'दिसला'. नुसता हिशेबाने ठरवला तर 'अंदाजे'. हे तीन शब्द आजोबांचे. आणि आधी जो जाईल त्याने मागून येणाऱ्यासाठी वाट लिहून ठेवायची: कुठून वळायचं, कुठे कुत्रं आहे, कुठे जमीन भुसभुशीत आहे. आजोबा म्हणायचे, "मागच्याला पोचता आलं नाही तर पुढच्यानं जाऊन काय उपटलं?"

माझे एक्केचाळीस झाले होते. तुझ्या बाबाचे चाळीस. जलाशयातला तेवढा राहिला होता.

आता पुराव्याचं. मागच्या आठवड्यात शिंप्याचा निरोप आला, धाकट्या साहेबांचा कोट तयार आहे, कुणी नेत नाही. मी जाऊन आणला. राखाडी, आतून निळं अस्तर. शिंप्याने पावती दाखवली. माप नऊ एप्रिलला दिलेलं, म्हणजे जायच्या दोन दिवस आधी. शिंपी म्हणाला, "मुलीच्या लग्नाचा म्हणाले. दोनदा सांगून गेले, बाह्या आखूड नकोत, फोटोत मनगटं दिसतात." जीव द्यायला निघालेला माणूस बाह्यांची काळजी करतो का, सांग.

कोट माझ्या कपाटात आहे. तुझ्या आईला अजून दाखवलेला नाही.

मोठेकाका


३ डिसेंबर

ठकू,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या लांबून दोन ओळी. कामाच्या जागेवरून ये-जा करता करता उभ्याने लिहिल्यासारख्या.

"कोट शिवायला टाकलेली माणसंसुद्धा मरतात, काका. तुम्हाला कसं माहीत, एवढंच सांगा."

दोन्ही ओळी खऱ्या आहेत. तू लहान असताना बाबाच्या वहीत रंगीत पेन्सिलीने खोडून ठेवायचीस तशी माझं पानभर लिहिलेलं एका ओळीत खोडलंस.

मी ताकाला जाऊन भांडं लपवतो आहे, हे मला कळतं. कसं माहीत हे सांगायचं म्हणजे आधी मला काही कबूल करावं लागेल, आणि आमच्या पिढीतल्या थोरल्यांना त्याची सवय नाही. थोरला भाऊ म्हणजे झाकली मूठ. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून काच फोडली की मी गप्प बसायचो आणि धाकटा रडत जाऊन सांगून यायचा. मार दोघांना सारखाच पडायचा, पण नंतर तो मोकळा खेळायला जायचा आणि मी दिवसभर पोट धरून बसायचो.

एवढं आज लिहितो: तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला फोन केला होता. चार मिनिटं. पोलिसांनी त्याच्या फोनवर माझा नंबर पाहून विचारलं होतं, काय बोलणं झालं? मी म्हणालो, किरकोळ.

ते किरकोळ नव्हतं.

उद्या मी तिथे जायला निघतो आहे. तिथे मिळणाऱ्या तिन्ही जिल्ह्यांच्या पोलीस ठाण्यांत आधी जाईन. जाऊन आलो की लिहीन. एवढा वेळ दे.

मोठेकाका


२१ डिसेंबर

ठकू,

ठाणी झाली. जलाशय अजून नाही. इथली कथा आधी.

तुला माहीत नसेल, तुझ्या बाबाची फाइल अजून बंद झालेली नाही. तो सापडला तो भाग तीन जिल्ह्यांच्या हद्दीवरचा. पहिल्या ठाण्याने पंचनामा केला आणि दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. हद्दीचा दगड पाण्यात असल्यामुळे नेमकी जागा कुणाच्या पदरात पडते ते ठरत नाही, असा शेरा आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: 'बूट व चीजवस्तू नीट काढून ठेवलेल्या आढळल्या. आत्महत्येची शक्यता. निर्णय प्रलंबित.' आठ महिने तो माणूस तीन जिल्ह्यांत मिळून कुठेच मेलेला नाही.

मी तीन दिवसांत तिन्हीकडे गेलो. तीन ठिकाणी तीच हिरवी भिंत, तीच डगमगती खुर्ची. दुसऱ्या ठाण्यातले हवालदार वयाने माझ्याएवढे. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "आजोबा, दगड दाखवा आणि फाइल घ्या. आम्हाला काय हौस आहे दुसऱ्याचं मढं सांभाळायची?" मग मी भाऊ आहे हे त्यांना कळलं. त्यांनी जीभ चावली आणि माझ्यापुढे स्वतःचा चहा सरकवला. मी प्यायलो. त्यात साखर जास्त होती. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. साखर जास्त आहे एवढंच कळलं.

मी विचारलं, "दगडाची जागा मी मोजून दिली तर चालेल का? नकाशा कार्यालयात चाळीस वर्षं काढली आहेत."

"सही-शिक्क्याचा नकाशा द्या, चालेल. पण जागा ठरून कारण कसं ठरणार? बूट तर त्यांनी स्वतःच काढलेत ना?"

मी म्हणालो, "बुटांचंही सांगता येईल."

"कोण सांगणार?"

मी म्हणालो, येतो.

मोठेकाका


९ जानेवारी

ठकू,

हे पत्र बसून वाच.

काल सकाळी जलाशयावर पोचलो. पंपघराचं छप्पर उडालं आहे, भिंती आहेत. समोर अर्धा मैल सपाट राखाडी गाळ, वरून वाळून भेगाळलेला, मग पाणी. काठावर एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती. मासे धरणारी, पन्नाशीची, आवाज खणखणीत. माझ्या हातातला नकाशा आणि मोजपट्टी पाहून ती उभीच राहिली.

"तुम्ही पण दगडवाले का?"

मी हो म्हणालो.

"मग गाळात पाय घालू नका. तुमच्यासारखाच एक आला होता उन्हाळ्यात. कागद वाचत वाचत चालला होता, अनवाणी. मी ओरडले, अहो तिकडे नका जाऊ, वरून दिसतं तसं नाही ते, खाली माणूस जाईल. तो वळला, हसला, हात हलवला. म्हणाला, काही नाही होत बाई, माझ्या भावानं चालून पाहिलंय."

ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. पोलिसांपैकी तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणाली. मग ती म्हणाली, "असला कसला भाऊ म्हणायचा?"

मी सांगितलं, मी आहे तो भाऊ. तिने जाळं खाली ठेवलं आणि होडी सोडली. "चला, दगड दाखवते तुम्हाला," म्हणाली.

आता ऐक. मी ती वाट चालून पाहिलेली नाही. कधीच नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथे एकटा गेलो होतो. तुझ्या बाबाला शाळेतले भूगोलाचे पेपर तपासायचे होते. पंपघरापर्यंत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, माझा गुडघा दुखत होता. दुर्बिणीतून पाण्याजवळ पांढरं काहीतरी दिसलं. तो दगडच असणार असं धरलं आणि परत फिरलो. म्हणजे वहीत लिहायला हवं होतं 'दिसला'. तेही फार झालं, 'अंदाजे' लिहायला हवं होतं.

घरी आलो तर आजोबा अंथरुणावर. ते त्यांचं शेवटचं वर्ष. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "लागला का रे?" आणि मी म्हणालो, "लागला." त्यांनी हात पुढे केला. दगडाला लागलेला हात हातात घ्यायची त्यांची पद्धत होती. मी दिला.

मग वहीत लिहावं लागलं. आणि 'लागला' लिहिलं की मागून येणाऱ्यासाठी वाट लिहावी लागते. खोटं खरं वाटायचं तर त्यात बारीकसारीक गोष्टी घालाव्या लागतात. नकाशे काढणाऱ्याला ते बरं जमतं. उंटावरून शेळ्या हाकणं हा आमचा धंदाच. मी लिहिलं:

'पंपघराच्या भिंतीपासून सरळ उत्तरेला. बूट, मोजे, घड्याळ कट्ट्यावर काढून ठेवावं, ओलं होतं. शेवटची वीस पावलं घोट्याइतकं पाणी. तळ टणक. काही भीती नाही.'

तुझ्या बाबाने बूट काढून ठेवले ते मी लिहून ठेवलं होतं म्हणून. मोजे, घड्याळ, सगळं. त्याने फक्त फोनची भर घातली, कारण माझ्या वेळी खिशात फोन नसायचे. भूगोलाचा मास्तर. सूचना पाळणारा. ज्या बुटांवरून तुम्ही सगळ्यांनी ठरवलं की त्याने जीव दिला, ते बूट मी काढायला लावले होते.

पोलिसांना त्याच्या खिशात एक कागद सापडला होता, तो म्हणजे त्याने वहीतून उतरवून घेतलेलं हे पान. पाण्यात त्याचा लगदा झाला, पोलिसांना वाचता आला नाही. मूळ वही माझ्याकडे आहे. हे जगात फक्त मला माहीत होतं.

आणि तो फोन. दहा एप्रिल, संध्याकाळी सहा. तो म्हणाला, "दादा, पोरगी फार रागावली आहे. खरंच आहे तिचं. हा एक राहिलाय, उद्या उरकतो आणि वही बंद. मग लग्न होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकत नाही, तिनं हाकललं तरी. तिला अजून काही सांगू नकोस, उद्या येऊन मीच सांगतो." मग म्हणाला, "वाट तीच ना रे, पंपघराकडून?"

मी नखं कापत होतो. म्हणालो, "तीच."

तेवढं म्हणायला मला दोन सेकंद लागले असतील. त्या दोन सेकंदांत मनात आलं होतं, सांगावं. मग वाटलं, एकोणीस वर्षांनी कुठे उकरून काढायचं. घोट्याऐवजी गुडघ्याइतकं असेल, कपडे भिजतील, येऊन मला शिव्या देईल. याहून जास्त काही होईल असं खरंच डोक्यात आलं नाही. पण न सांगण्याचं कारण ते नव्हतं. कारण हे की साठी उलटल्यावर धाकट्या भावापुढे खोटा पडायला मला लाज वाटली.

तू रागाने बोललीस म्हणून तो मरायला गेला नाही. तुझा राग काढायला, शेवटचं उरकून तुझ्याकडे यायला तो निघाला होता. त्याला तिथे मी पाठवलं.

तू विचारलंस, तुम्हाला कसं माहीत. हे असं.

आणखी एक. होडीतून त्या बाईने मला दगडापाशी नेलं. मी दुर्बिणीतून पाहिलेलं पांढरं म्हणजे जुन्या पंपाचा सिमेंटचा पाया होता. खरा दगड तिथून पूर्वेला एकशे चाळीस पावलांवर, एका खडकाळ उंचवट्यावर आहे. पूर्वेच्या काठाने गेलं तर बूट न भिजता पोचता येतं. मी त्याला हात लावला. गार होता. वहीत काही लिहिलं नाही.

मोठेकाका


२८ जानेवारी

ठकू,

सोबत तीन कागद आहेत. पहिला माझा नकाशा. तुझा बाबा सापडला ती जागा दगडापासून मोजली की निर्विवाद दुसऱ्या जिल्ह्यात पडते. दुसरा वहीतल्या पानाची नक्कल. मूळ पान ठाण्यात जमा केलं. खोटं कशाला बोलू, मागे एकदा ते फाडायला बसलो होतो, पण जमलं नाही. तिसरा माझा जबाब.

जबाब त्याच चहावाल्या हवालदारांनी घेतला. लिहिता लिहिता थांबले, म्हणाले, "आजोबा, एवढं सगळं लिहायची गरज नाही. वाट चुकला, अपघात, एवढ्यात भागतं. तुम्ही का स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" मी म्हणालो, एवढ्यात भागलं तर त्याच्या मुलीला बुटांचं कोण सांगणार? त्यांनी नवा कागद पुढे ओढला आणि सगळं लिहून घेतलं. माझ्यावर काही होईल का विचारलं तर म्हणाले, वरचे ठरवतील. ठरवू देत.

कारणाच्या रकान्यात आता आहे: 'अपघात. मृताच्या भावाने लिहून दिलेल्या चुकीच्या वाटेवर विसंबून गाळात उतरल्याने.' तीन जिल्ह्यांत मिळून एक वाक्य झालं.

ठाण्यातून थेट तुझ्या आईकडे गेलो. ती शिवत होती. कोट तिच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं, कोटाची बाही हातात घेतली, मापली, लांबी बरोबर होती. मग विचारलं,

"वाट तीच ना, असं त्यांनी विचारलं. आणि तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"जेवून आलात?"

"नाही."

"मग घरी जाऊन जेवा."

तीस वर्षं त्या घरातून मी जेवल्याशिवाय उठलेलो नाही. जिना उतरताना वरून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

ठकू, तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर केलं नसतं. तू तुझ्यापुरतं मोकळी हो. त्या मुलाला फोन कर. तो चांगला आहे. तुझ्या बाबाला तो आवडला होता. नकाशा उलटा धरतो म्हणाला होता, पण बाकी चांगला आहे.

मोठेकाका


४ एप्रिल

ठकू,

दोन महिने काही आलं नाही. मी वाटही पाहत नव्हतो असं म्हणालो तर ते वहीतल्यासारखं होईल. पाहत होतो. टपालवाला आला की शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघायच्या.

आज सकाळी तुझं कार्ड आलं. त्यावर तुझ्या हातची एकच ओळ.

"लग्न अठरा मेला आहे. तुम्ही येऊ नका."

मी ते टेबलावर ठेवलं आणि कामाला लागलो. एका विहिरीचा नकाशा काढत होतो. थोड्या वेळाने कागदावर पाणी पडलेलं दिसलं. छत गळतं का म्हणून वर पाहिलं. मग बाई उठून आल्या, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, "रडा, काका. नकाशा मी पुन्हा काढते." वर्ष होत आलं. पहिल्यांदाच रडू आलं, आणि आलं ते मग थांबेना. धाकट्या, धाकट्या, असं मोठ्याने म्हणत होतो म्हणे. मला आठवत नाही. सगळं कार्यालय काम टाकून उभं होतं.

येणार नाही. काळजी करू नकोस. आईला सांग, फोटोवाल्याला तो कोट खुर्चीवर ठेवायला जागा करून दे म्हणावं. नको वाटलं तर नको.

एकच गोष्ट सकाळपासून मनात आहे, ती लिहितो आणि पुन्हा लिहीत नाही. येऊ नका एवढंच सांगायचं असतं, तर तू मला तारीख कळवली नसतीस.

मोठेकाका